मनगट आणि बोट

सकाळी सातला दहा मिनिटं कमी असताना समोरच्या इमारतीतून एक आजोबा आणि त्यांची नात बाहेर पडायचे. मी तेव्हा गॅलरीत चहा घेऊन बसलेला असायचो. मांडीवर पवित्र शास्त्र उघडं असायचं. पण त्या दोघांची वेळ झाली की लक्ष पानावरून उठायचं आणि रस्त्यावर जायचं. देवाला हे चालत असावं. निदान त्यानं अजून तक्रार केलेली नाही.

नात तेव्हा पहिलीत होती. दप्तर आजोबांच्या खांद्यावर, पाण्याची बाटली तिच्या गळ्यात. रहदारीच्या बाजूला, म्हणजे तिच्या उजवीकडे, आजोबा. गल्लीतून चालताना ती त्यांचं बोट धरायची. सगळा हात नाही, एकच बोट. तेवढ्या आधारावर ती उड्या मारायची, मागे रेंगाळायची, मांजर दिसलं की त्यांना तिकडे ओढायची. तोंडानं सारखं काहीतरी चाललेलं. आजोबा नुसते हुंकार द्यायचे.

गल्लीच्या तोंडाशी मोठा रस्ता लागतो. तिथे आजोबा थांबायचे, आपलं बोट सोडवून घ्यायचे आणि तिचं मनगट धरायचे. घट्ट. त्या क्षणी तिचं बोलणं बंद व्हायचं. हात ताठ व्हायचा, खांदा किंचित वर यायचा. बसगाड्या, रिक्षा, दुधाचे टेम्पो यांच्यातून दोघं पलीकडे जायचे. पलीकडे गेल्यावर मनगट सुटायचं. ती दोन-चार पावलं रुसल्यासारखी चालायची. मग तिचा हात आपोआप बोट शोधायला लागायचा.

बोट तिनं धरलेलं असायचं. मनगट त्यांनी धरलेलं असायचं. हात तेच.

पावसाळ्यातल्या एका सकाळी वाचनाला नव्या करारातल्या गलतीकरांस पत्राचा तिसरा अध्याय आला. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला प्रदेश. तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांना प्रेषित पौलानं हे पत्र लिहिलं तेव्हा तो चांगलाच संतापलेला होता. इतर बहुतेक पत्रांत तो सुरुवातीला वाचणाऱ्यांबद्दल देवाचे आभार मानतो. इथे आभार नाहीतच. नमस्कार झाला की थेट कानउघाडणी. कारण असं, की तिथले लोक यहुदी नव्हते. पौलाचा उपदेश ऐकून त्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला होता. त्याच्या मागून दुसरे उपदेशक आले. त्यांचं म्हणणं, विश्वास ठेवलात हे छान झालं. पण तारण हवं असेल तर सुंता करून घ्या, मोशेचं नियमशास्त्र पाळा.

पौलाचा सगळा राग या ‘पण’वर आहे.

त्या अध्यायात तो नियमशास्त्राला एक उपमा देतो. मूळ ग्रीक शब्द पैदागोगोस. आमच्या मराठी शास्त्रात तिथे बालरक्षक असं म्हटलं आहे. मी लहानपणापासून हा कोणीतरी मास्तर असेल असं समजत होतो. तो मास्तर नव्हता. ग्रीक आणि रोमन घरांत मुलाला शाळेत नेण्या-आणण्यासाठी एक गुलाम असे. मुलाचं सामान वाहायचं, वाटेत त्याला वाईट संगतीपासून राखायचं, वागण्या-बोलण्यावर नजर ठेवायची, वेळ पडली तर छडी उगारायची. शिकवणारा गुरू वेगळा. याचं काम पोचवण्याचं. जुन्या ग्रीक भांड्यांवरच्या चित्रांत तो हातात काठी घेऊन बसलेला दिसतो.

मी मान वर केली. आजोबा नातीचं मनगट धरून रस्ता ओलांडत होते.

मनगट धरलेल्या मुलीकडून कोणाची काही अपेक्षा नसते. तिनं विश्वास ठेवायला हवा असं नाही. प्रेम करायला हवं असंही नाही. ओढलं तिकडे आली म्हणजे झालं. कुढत आली तरी ती पलीकडे पोचतेच. नियमाची ही केवढी सोय आहे! आणि उणीवही तिथेच आहे. बोट मात्र केव्हाही सुटू शकतं. ते धरून ठेवायला तिच्या बाजूनं काहीतरी लागतं. पौल ज्याला विश्वास म्हणतो ते हेच असावं, असं मला त्या सकाळी वाटलं.

मग माया कुठे होती? ती तर दोन्हीकडे होती. आजोबा मनगट आवळायचे तेव्हा उलट जास्तच असायची. रस्त्याच्या कडेला त्यांचा चेहरा बदलायचा, मी पाहिलं आहे. पण मनगटाला माया कळत नाही. मनगटाला पकड कळते.

उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊ मला अशा वेळी आठवतो. धाकटा घर सोडून गेला, पैसा उडवून परत आला, बापानं मेजवानी दिली. थोरला शेतावरून येतो, गाण्या-नाचण्याचा आवाज ऐकतो आणि अंगणातच अडून बसतो. त्याची तक्रार खोटी नाही. इतकी वर्षं राबला, बापाचा शब्द कधी मोडला नाही. पण बोलतो असा, जणू बाप नव्हे, मालक आहे. आयुष्यभर तो बापाच्या घरात मनगट धरलेल्या मुलासारखा राहिला. बोट हाताशीच होतं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. बाप त्याच्यासाठीही घराबाहेर येतो, त्याची समजूत घालतो. तो आत गेला की नाही, ते येशूनं सांगितलेलं नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

पौलाच्या मते शाळा आली की रक्षकाचं काम संपलं. ते खरंच आहे. मोठ्या माणसाला कोणी हाताला धरून नेत असेल, तर एक तर तो आंधळा असतो, नाहीतर पकडला गेलेला.

पौल एकाच दिवशी हे दोन्ही झाला होता.

तेव्हा त्याचं नाव शौल. यहुद्यांमधल्या परूशी पंथाचा, यरुशलेमात गमलिएल नावाच्या गुरूच्या पायाशी बसून शिकलेला. नियमशास्त्र त्यानं बाहेरून पाहिलं नव्हतं, ते अंगात मुरवलं होतं. स्तेफन नावाच्या ख्रिस्तभक्ताला दगडमार झाली तेव्हा मारणाऱ्यांनी आपली वस्त्रं ज्याच्या पायाशी ठेवली, तो हाच. पुढे प्रमुख याजकाकडून पत्रं घेऊन तो दिमिष्काला निघाला. तिथे येशूच्या मार्गानं चालणारे कोणी सापडले, पुरुष असोत की बायका, तर बांधून आणायचे, असा बेत. वाटेत प्रकाश पडला, तो जमिनीवर कोसळला, वाणी ऐकली. उठला तेव्हा डोळे उघडे होते, पण दिसत काही नव्हतं. दुसऱ्यांना बांधून आणायला निघालेल्या माणसाला सोबत्यांनी हाताला धरून गावात नेलं.

प्रेषितांच्या कृत्यांत ही गोष्ट लिहिणारा या हाताचा उल्लेख जाता जाता करतो. मी दर वेळी तिथेच थांबतो. सगळ्या आज्ञा तोंडपाठ असलेला माणूस, आणि वेशीपासून घरापर्यंतची वाट त्याला एकट्याला जमत नाही. तीन दिवस तो न जेवता, न पिता बसून राहतो. मग हनन्या नावाचा एक जण येतो. ज्यांना पकडायला शौल आला होता, त्यांच्यातलाच. हनन्या घाबरलेला आहे. जाऊ नये अशी कारणं त्यानं देवाला सांगून पाहिलेली आहेत. तरी येतो, आंधळ्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि त्याला भाऊ म्हणतो.

पुढे पौलानं विश्वासावर खूप लिहिलं. त्यावर लोकांनी ग्रंथालयं भरतील इतकं लिहिलं. पण त्याला नीट दिसायला लागण्याच्या आधी कोणीतरी भीत भीत त्याच्या डोक्यावर हात ठेवला होता. हे तो विसरला असेल असं मला वाटत नाही.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. आम्हाला रविवारच्या शाळेत परूशी म्हणजे ढोंगी, एवढंच शिकवलं होतं. यहुदी परंपरेनं मोजलेल्या ६१३ आज्ञा म्हणजे ६१३ बेड्या, असं माझं बरीच वर्षं मत होतं. मोठेपणी कळलं, की वर्षातून एकदा यहुदी लोक तोरेची, म्हणजे त्याच नियमशास्त्राची, गुंडाळी उराशी धरून सभास्थानात नाचतात. बेडी घेऊन कोणी नाचत नाही.

आणि उदाहरण शोधायला फार लांब जायला नको. अलिबागकडच्या गावांत बेने इस्राएल हे यहुदी लोक शतकानुशतकं राहिले. त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून इथे आले. पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, घरात मराठी आली. त्यांनी तेलाचे घाणे घातले. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव ठेवलं शनवार तेली. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि शमा ही एक प्रार्थना. शिल्लक उरलं ते जवळजवळ एवढंच. पण तेवढ्यावर ते हरवले नाहीत. इतक्या पिढ्या त्या शनिवारानं त्यांचं मनगट सोडलं नाही. गर्दीच्या रस्त्यावर मनगटच धरावं लागतं, हे आजोबांना कोणी शिकवावं लागलं नाही. आम्हा प्रवचनं ऐकणाऱ्यांना ते उशिरा कळलं.

आजोबा जिथे थांबायचे, तिथेच एका पतसंस्थेची पाटी आहे. सोने तारण कर्ज. आमच्या मंडळीत तारण हा शब्द दर रविवारी दहा वेळा तरी कानावर पडतो. तारणारा, तारणप्राप्ती, तारणाचा दिवस. लहानपणी नगरच्या बाजारात अशीच एक पाटी पाहून मी आईला विचारलं होतं, ‘इथे पण तारण मिळतं?’ आई हसली नाही. म्हणाली, ‘इथे आपलं काहीतरी ठेवावं लागतं. देवळात आपल्यासाठी दुसऱ्यानं ठेवलंय.’ इब्रीकरांस पत्रात येशूला जामीन म्हटलं आहे. आईच्या मनात बहुधा ते असावं. किंवा नसेलही. ती सातवी शिकलेली होती आणि तिच्या बांगड्या बऱ्याच वेळा अशा पाटीखालून आत गेल्या होत्या.

आपलं सगळं देवापुढे तारण ठेवलेली माणसं पाहायची असतील तर पंडिता रमाबाईंच्या घराकडे पाहावं. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला, मुलींना संस्कृत शिकवणारे. हे कुटुंब वर्षानुवर्षं तीर्थं करत हिंडलं. पुराणं वाचली, व्रतं केली, उपास केले, जवळचा पैसा दानधर्मात संपवला. मग दुष्काळ आला. १८७४ साली आधी वडील, मग आई, दोघंही गेले. पुढे रमाबाई इंग्लंडला गेल्या. १८८३मध्ये तिथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे आपण धरून चालतो की झालं, सापडलं. रमाबाई तसं म्हणत नाहीत. आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणानं लिहून ठेवलं आहे, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त भेटायला त्यानंतर आठेक वर्षं लागली. म्हणजे व्रतं बदलली होती, पण गहाण ठेवण्याची सवय तशीच होती. तारण कमवायचं नसतं, घ्यायचं असतं, हे एवढ्या विदुषीला आठ वर्षांनी उमगलं. मला यात फार धीर वाटतो.

आणि उमगल्यावर काय केलं? १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली, विधवा यांना घेऊन आल्या. केडगावला त्यांच्यासाठी घर उभं केलं. नाव दिलं मुक्ती. शेवटची वर्षं त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून शास्त्राचं भाषांतर करण्यात घालवली. साध्या बाईला कळेल असं मराठी हवं, हा हट्ट. १९२२ साली त्या गेल्या. पुस्तक केडगावच्याच छापखान्यातून १९२४मध्ये बाहेर पडलं. विश्वासानं तारण मिळतं असं एकदा सांगितलं की लोक हातावर हात ठेवून बसतील, ही धर्मशास्त्र्यांची जुनी भीती आहे. रमाबाई हातावर हात ठेवून बसलेल्या दिसत नाहीत.

ही भीती याकोबाच्या पत्रातही आहे. एखाद्या भावाच्या अंगावर वस्त्र नाही, पोटात अन्न नाही, आणि आपण त्याला गोड शब्दांत निरोप देतो, देत मात्र काहीच नाही. मग असल्या विश्वासाचा उपयोग काय, असा याकोबाचा सवाल आहे. तो इतका साधा आहे, की त्याला उत्तर देणारा माणूस वाद घालतोय असंच वाटतं.

वाद मात्र झाला, आणि मोठा झाला. १५२२ साली धर्मसुधारक लूथरनं नव्या कराराचं जर्मन भाषांतर छापलं. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो असं जिथे म्हटलं आहे, तिथे त्यानं ‘केवळ’ हा शब्द घातला. मूळ ग्रीकमध्ये तो नव्हता. ओरड झाली. १५३०मध्ये त्यानं उत्तर दिलं, की चांगली जर्मन भाषा असंच बोलते. मराठीत तर वेगळा शब्दही लागला नसता. एका ‘च’नं भागलं असतं. विश्वासाने. विश्वासानेच. गंमत अशी, की विश्वासाला ‘केवळ’ हा शब्द मूळ नव्या करारात एकदाच जोडला आहे, तोही याकोबाच्या पत्रात, आणि तिथे त्याच्या आधी नकार आहे. लूथरला ते पत्र पेंढ्यासारखं हलकं वाटलं, यात नवल नाही. १५४७मध्ये त्रेंतच्या धर्मसभेनं कॅथलिक बाजूचं उत्तर दिलं. मग दोन्हीकडून शाप झाले, युद्धं झाली. ३१ ऑक्टोबर १९९९ला ऑग्सबर्ग शहरात कॅथलिक आणि लुथरन प्रतिनिधींनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. तारण ही देवाची कृपा आहे, आपल्या कोणत्याही पुण्याईचं फळ नव्हे, एवढं दोघं मिळून म्हणू शकतो, असा त्याचा सारांश. एका ‘च’साठी पावणेपाचशे वर्षं.

आमच्या घरात हे दोन्ही पक्ष रोज एका टेबलावर जेवतात. मी नगरच्या प्रॉटेस्टंट घरातला, बायको वसईच्या कॅथलिक घरातली. सासूबाई काही वर्षं आमच्याकडे होत्या. उपवासकाळातले शुक्रवार त्या कडक पाळत. त्या दिवशी घरात मांस येत नसे आणि मलाही पापलेटावर भागवावं लागे, जे खरं सांगायचं तर त्रासदायक नव्हतं. एकदा खालच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड आलं. आठवड्याभरात त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. शुक्रवारी. त्या बाईंना कोणीतरी सांगितलं होतं, ख्रिस्ती लोकांना मटण फार आवडतं. स्वतः त्या शाकाहारी. बहिणीला बोलावून, तिच्याकडून शिकून, आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मटण शिजवलं होतं. ताट पुढे आलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. सासूबाईंनी भाताचं आळं केलं, वर रस्सा ओतून घेतला आणि जेवल्या. दुसऱ्यांदा रस्सा मागितला. बाईंना कौतुकानं विचारलं, मसाला घरचा का?

जिना चढताना माझी नजर त्यांना जाणवली असावी. म्हणाल्या, ‘काय बघता जावईबापू? शुक्रवार उद्या पाळीन.’

आणि शनिवारी पाळला. डाळ-भात खाऊन.

अंत्युखियाच्या मंडळीत येशूचा शिष्य असलेल्या पेत्राचं याच ठिकाणी घसरलं होतं. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, बांधवांच्या पंक्तीला तो निवांत जेवत असे. यरुशलेमाहून याकोबाकडची काही माणसं आली, तशी त्याला भीती वाटली आणि तो मागे सरला. पंगत सोडली. पौलानं सगळ्यांदेखत तोंडावर त्याला बोल लावला, असं पौलानंच गलतीकरांना कळवलं आहे. ताटावरून उठून जाण्यानं समोरच्याचं काय होतं, हे पौलाला दिसलं होतं. सासूबाई त्या पंक्तीत असत्या तर त्याचं एवढं रक्त आटलं नसतं. त्यांनी नियम मोडला असंही मला म्हणवत नाही. त्यांनी तो एक दिवस पुढे सरकवला. ताट मात्र पुढे ढकलता येत नव्हतं.

त्याच पत्रात पुढे पौल म्हणतो त्याचा आशय असा, की सुंता झालेली असो वा नसो, कामाची गोष्ट एकच. विश्वास, आणि तोही प्रीतीच्या वाटेनं कामाला लागलेला. आमच्या मंडळीत अजून प्रीती म्हणतात. बाहेर तो शब्द जुन्या नाट्यगीतांत राहिला आहे. त्यामुळे पाळकसाहेब प्रीतीवर बोलायला लागले की तरुण मुलं एकमेकांकडे पाहतात. पाहू देत.

पेत्राबद्दल मला पौलापेक्षा जास्त जिव्हाळा आहे. तो पाण्यावरून चालायला निघाला ती रात्र घ्या. नावेतून उतरला, चार पावलं चालला. म्हणजे विश्वास होता. मग वारा दिसला, भीती वाटली, बुडायला लागला. म्हणजे विश्वास संपला. आणि येशूनं हात पुढे करून त्याला धरलं ते नेमकं तेव्हा, विश्वास संपल्यावर. मग तो कशानं वाचला? नियम तर तिथे नव्हताच. लाटेवर कसला नियम. विश्वासही पाण्यात गेला होता. उरली होती एक हाक, आणि एक हात.

आपल्याकडे श्रीवैष्णव आचार्यांमध्ये अशीच एक जुनी चर्चा आहे. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगतं. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून नेते. भक्त कसा असावा? मर्कटकिशोर न्यायानं की मार्जारकिशोर न्यायानं? एक पंथ इकडचा, एक तिकडचा. पेत्र मला नावेतून उतरताना माकडाचं पिल्लू वाटतो आणि बुडताना मांजराचं. आई तीच असेल तर पिल्लाला पंथ निवडत बसायचं कारण नाही.

पुढे याच पेत्रानं कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूची ओळख नाकारली. आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या सरोवराकाठी पहाटे त्याची पुन्हा भेट झाली. येशूनं किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव केला होता, त्यावर मासे, बाजूला भाकर. रात्रभर जाळी टाकून दमलेल्यांना त्यानं आधी न्याहारी दिली. मग पेत्राला प्रश्न विचारला. आज्ञा पाळल्यास का, असं विचारलं नाही. विश्वास का ढळला, असंही नाही. माझ्यावर प्रेम आहे का, एवढंच. तीनदा. तिसऱ्या वेळी पेत्र दुःखी झाला. आणि लगेच येशूनं त्याला एक विचित्र गोष्ट सांगितली. तरुणपणी तू स्वतः कंबर कसून हवं तिकडे जात होतास. म्हातारा झालास की हात लांब करशील, आणि दुसराच कोणी तुला नेईल, नको असेल तिकडे.

म्हणजे प्रेमाची कबुली दिल्यावर पुन्हा मनगटच. मी यावर बऱ्याच सकाळी घालवल्या आहेत. एवढंच सुचतं, की पहिलीतल्या मुलीचं मनगट आणि म्हाताऱ्या पेत्राचं मनगट यांच्यामध्ये कुठेतरी ते बोट येऊन गेलेलं असतं. एकदा बोट धरलेलं असलं, की पकडणाऱ्या हाताची ओळख पटते.

चहा गार झाला की मी पुस्तक मिटतो. चार वर्षं हे असं चाललं. आजोबांचं आणि माझं कधी बोलणं झालं नाही. मध्यंतरी त्यांच्या हातात काठी आली. ती उजव्या हातात, नात डाव्या.

यंदा जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि ती एकटीच बाहेर पडली. पाचवी. केस दोन वेण्यांत घट्ट बांधलेले, दप्तर स्वतःच्या पाठीवर. आजोबा इमारतीच्या फाटकापर्यंत आले. काठी भिंतीला टेकवून ठेवली आणि तिथेच थांबले. ती मागे न पाहता गल्लीच्या तोंडाशी गेली. सोने तारण कर्जाच्या पाटीखाली उभी राहिली. तिचा उजवा हात अंगापासून थोडा बाजूला झाला आणि तसाच राहिला, रिकामा. उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. एक बस जाऊ दिली. मग निघाली.

फाटकाशी आजोबा पाठीमागे हात बांधून उभे होते. एका हातानं त्यांनी स्वतःचंच दुसरं मनगट धरलं होतं.